पैसे देण्याआधी व्हिसाचा कागद वाचा

भिवंडीतून परदेशी कामाला निघालेल्यांसाठी हे लिहितो आहे. शांतीनगर, गैबीनगर, पद्मानगर, कामतघरच्या मुलांसाठी, काल्हेर, पूर्णा, राहनाळच्या गोदामांत फोर्कलिफ्ट आणि ट्रक चालवणाऱ्यांसाठी, आणि त्यांच्यासाठी दागिने गहाण ठेवायला तयार झालेल्या आईवडिलांसाठीही. जाऊ नका, असं सांगायचं नाही. हे शहरच बाहेरून पोटासाठी आलेल्या माणसांनी उभं केलं. १८५७ नंतरच्या काळात मऊ, मुबारकपूर, आझमगडकडचे मोमीन विणकर इथे आले, पुढे तेलंगणातून पद्मशाली आले, हातमागाचे पॉवरलूम झाले. आता ते लूम भंगारात निघताहेत आणि बारा-बारा तासांच्या पाळीत घर भागत नाही. अशा वेळी सौदी, दुबई, कुवेतकडे डोळे लागले तर त्यात चूक काहीच नाही.

माझं म्हणणं इतकंच की घरातला पहिला रुपया एजंटच्या हातात पडण्याआधी तुमच्या नावाचा व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे, ते स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर दहावी-बारावीच्या कुठल्याही मुलाला बसवून मोठ्याने वाचून घ्या. भिवंडीचा व्यापारी ग्रे कापडाचा पिक, म्हणजे आडवे धागे, मोजल्याशिवाय तागा उचलत नाही; आणि दीड-दोन लाख रुपये मोजून घेतलेल्या व्हिसावर काय छापलंय, हे मात्र विमानात बसेपर्यंत घरात कोणीच पाहिलेलं नसतं.

सगळ्यात जास्त माणसं व्हिजिट व्हिसावर फसतात. एजंट म्हणतो, "आधी व्हिजिटवर जा, तिथे गेल्यावर कंपनी कामाच्या व्हिसावर चढवेल." व्हिजिट व्हिसा फिरायला असतो. त्याच्यावर काम केलंत तर गुन्हेगार तुम्हीही ठरता. पगार मिळाला नाही तरी कामगार न्यायालयात उभं राहायला करारच नसतो. मुदत संपली की दंड सुरू होतो. अमिरातीत तो दिवसाला ५० दिरहॅम आहे, म्हणजे महिन्याला १५०० दिरहॅम. बऱ्याच मदतनीसांचा महिन्याचा पगारही तेवढा नसतो. दंड चढत जातो, माणूस लपून राहतो, लपलेला माणूस मिळेल त्या मजुरीवर राबतो. संयुक्त अरब अमिरातीने २०२४ मध्ये १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर अशी माफीची मुदत दिली होती, तेव्हा अशीच अडकलेली माणसं रांगा लावून उभी होती. माफी दरवर्षी मिळत नाही.

व्हिजिटवर पाठवण्यात एजंटची सोय आहे, ती कशी ते समजून घ्या. तुमच्या पासपोर्टवर ईसीआर असा शिक्का किंवा छाप असेल, म्हणजे तुम्ही दहावी पास नसाल, तर सौदी, अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, मलेशिया अशा ठरावीक १८ देशांत कामासाठी जाताना सरकारची परवानगी घ्यावी लागते. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यात ही तरतूद आहे, आणि परवानगी देणारा अधिकारी म्हणजे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स. मुंबईत त्याचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. परवानगी मागायची तर मालकाचं नाव, करार, पगार, विमा सगळं ई-मायग्रेट या सरकारी संगणक यंत्रणेवर चढवावं लागतं. व्हिजिटवाल्याला यातलं काही लागत नाही. एजंट तुम्हाला सांगतो की "तुझं काम लवकर होतंय." खरं म्हणजे तुमच्या नावाची नोंदच कुठे होऊ नये, याची व्यवस्था तो करत असतो.

दुसरा सापळा आझाद व्हिसाचा. आपल्याकडे हा शब्द इतका रुळलाय की लोकांना वाटतं, सौदी सरकारचाच असा काही व्हिसा असेल. असा व्हिसा सौदी सरकार देत नाही. कुणीतरी कफील, म्हणजे तिथला प्रायोजक मालक, आपल्या नावावर कामगार मागवतो, त्याच्याकडे काम नसतंच, आणि तो कागद विकतो. तुम्ही तिथे उतरून स्वतः काम शोधायचं आणि कफीलला वर्षाला ठरलेले पैसे द्यायचे. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, त्याच्या नावाचा, काम दुसऱ्याकडे. रस्त्यात तपासणी झाली की तुम्ही पकडले जाता. आणि कफीलचं डोकं फिरलं, की तो तुमच्यावर हुरूब टाकतो, म्हणजे कामगार पळून गेला अशी सरकारकडे नोंद करतो. मग पगार, सुट्टी, घरी यायचा परवाना, सगळं अडतं. सौदीच्या कामगार कायद्यात इकामा, वर्क परमिट आणि त्यांच्या नूतनीकरणाचा खर्च मालकाने करायचा, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आझाद व्हिसावर गेलेला माणूस हा सगळा खर्च वर्षानुवर्षं खिशातून भरतो आणि त्यालाच धंदा समजतो.

आता कागद हातात घेऊ. काल्हेरच्या एका गोदामात ट्रक चालवणारा पोरगा सौदीच्या व्हिसाचा कागद वाचून घ्यायला माझ्याकडे आला होता. एजंटने सांगितलं होतं, कंपनीत हेवी ड्रायव्हर. व्हिसावर धंद्याच्या रकान्यात अरबीत लिहिलं होतं सायक खास, म्हणजे घरचा ड्रायव्हर. फरक थोडाथोडका नाही. घरकामाला लावलेला ड्रायव्हर सौदीच्या नेहमीच्या कामगार कायद्याखाली येत नाही, त्याच्यासाठी घरकामगारांचे वेगळे नियम आहेत. शेठच्या बायकोला बाजारात न्यायचं, मुलांना शाळेत सोडायचं, रात्री कधीही हाक आली की उठायचं. त्या व्हिसावर कंपनीचा ट्रेलर चालवताना सापडला तर दोष ड्रायव्हरवरही येतो. पोराने पैसे दिलेले नव्हते, म्हणून वेळीच परत फिरता आलं.

म्हणून चार गोष्टी बोट ठेवून वाचा. पहिली, नाव आणि पासपोर्ट नंबर तुमचाच आहे का, एक अक्षरही चुकलेलं नको. दुसरी, व्हिसाचा प्रकार. एम्प्लॉयमेंट किंवा वर्क लिहिलंय की व्हिजिट किंवा टुरिस्ट, हे इंग्रजीत मोठ्या अक्षरात असतं. तिसरी, धंदा. वेल्डरला वेल्डर लिहिलंय की लेबर? लेबर लिहिलं असेल तर वेल्डरचा पगार तुम्ही तोंडी ऐकलेला असेल, कागदावर मिळणार नाही. चौथी, मालकाचं किंवा कंपनीचं नाव, आणि तेच नाव करारावर आहे का. अमिरातीत नोकरीच्या ऑफर लेटरवर तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाची नोंद असते, तुमची सही त्यावर घेतात, आणि पुढचा करार त्या ऑफरशी जुळावा लागतो. भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला तिथल्या कायद्याने मनाई आहे. सौदीचा व्हिसा आता पासपोर्टात चिकटवत नाहीत, क्यूआर कोड असलेला कागद मिळतो. मोबाइलवर स्कॅन करून बघायला एक मिनिट पुरतं.

एजंटलाही तपासा. परदेशी नोकरीला माणसं पाठवायची तर परराष्ट्र मंत्रालयाचं नोंदणीपत्र लागतं. ई-मायग्रेटवर नोंदणीकृत एजंटांची यादी कोणीही उघडू शकतं. नाव टाका, परवाना चालू आहे, निलंबित आहे की रद्द झालाय, ते दिसतं. धामणकर नाक्यावर कोणाच्या दुकानात टेबल टाकून बसलेला, "मी मुंबईच्या ऑफिसचा माणूस" म्हणणारा सब-एजंट कायद्याला ठाऊकच नाही. तो तुमच्या मेहुण्याचा मित्र असेल, मशिदीत किंवा मंदिरात रोज भेटणारा असेल, तरी पैसे त्याच्या हातात द्यायचे नाहीत. ज्यांच्या नावावर परवाना आहे त्या कार्यालयात जा, कंपनीचं मागणीपत्र मागा, करार मागा. पासपोर्ट कामासाठी दिलात तर पावती घ्या आणि झेरॉक्स घरी ठेवा. दाखवायला कां-कूं करणारा एजंट सोडून द्यायचा.

फीची मर्यादा ठरलेली आहे. नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, म्हणजे सगळं मिळून ३५,४०० रुपये. मेडिकल, पासपोर्ट असे खर्च वेगळे होतात, पण दीड लाख, दोन लाख हा आकडा कायद्यातून येत नाही. आणि हा आकडा व्याजाने उचलला तर काय होतं, तेही मांडून बघा. सौदीत १२०० रियाल पगार ठरला असं धरा, आपल्या पैशात साधारण २८ हजार. जेवणखाण आणि मोबाइलला ३०० रियाल गेले, उरले ९००, म्हणजे २१ हजार. इथे दीड लाख महिना तीन टक्क्यांनी उचलले असतील तर नुसतं व्याज ४,५०० रुपये. मुद्दल वेगळं. घरखर्चाला पैसे पाठवून मुद्दल फिटता फिटता दोन वर्षांचा करार संपत येतो. मग पोरगा म्हणतो, अजून दोन वर्षं राहतो, कारण अजून काहीच हातात आलेलं नाही. ही बेरीज पैसे देण्याआधी घरात बसून, आईच्या समोर, कागदावर करा.

ईसीआर पासपोर्टवाल्यांना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे, आणि ती स्वस्त आहे. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख मिळतात. १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली, ४५ भारतीय कामगार गेले, हवाई दलाच्या विमानाने मृतदेह आणावे लागले. अशा वेळी मागे राहिलेल्या बाईला नवऱ्याचा करार, विम्याचा नंबर, मालकाचं नाव लागतं. ती कागदपत्रं घरात एका पिशवीत असली पाहिजेत, नुसती नवऱ्याच्या मोबाइलमध्ये असून चालत नाही. जाणाऱ्यांसाठी सरकार एक दिवसाचं प्रशिक्षणही फुकट देतं, मुंबईत केंद्र आहे. जा. तिथली भाषा, कायदा, कोणाला फोन करायचा, हे तिथे समजतं.

शिकलेल्या मुलांनाही सांगायचंय, कारण त्यांना वाटतं की आखातातली फसवणूक अडाण्यांची असते. बारावी झालेल्या, कॉम्प्युटरवर हात चालणाऱ्या मुलांना बँकॉकला डेटा एंट्रीची नोकरी, कस्टमर सपोर्टची नोकरी म्हणून मेसेज येतात. थायलंडला भारतीयांना २०२४ च्या जुलैपासून व्हिसाशिवाय ६० दिवस जाता येऊ लागलं, त्यामुळे एजंटला व्हिसाचा खर्चही राहिला नाही. विमानतळावरून गाडीत बसवतात आणि नदी ओलांडून म्यानमारच्या म्यावाडी भागात पोचवतात. तिथे कुंपणाच्या आत बसून लोकांना ऑनलाइन लुबाडण्याचं काम करवून घेतात, नकार दिला की मारतात. मार्च २०२५ मध्ये दोन दिवसांत हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या मे सोत इथून ५४९ भारतीयांना परत आणलं. त्यात महाराष्ट्राची मुलंही होती, आणि त्यांना तिथे विकणारे एजंट पुढे महाराष्ट्र सायबरने पकडले. लक्षात ठेवा, फिरायला व्हिसा लागत नाही म्हणजे काम करायला परवाना लागत नाही, असं होत नाही. रशियात मदतनीस आणि सुरक्षारक्षकाची नोकरी म्हणून गेलेली मुलं थेट युद्धाच्या रेषेवर गेली, तीही अशाच गोड बोलण्याला भुलून. आणि ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून बेकायदा स्थलांतरित म्हणून हातात बेड्या घालून अमृतसरला उतरवलेल्या १०४ भारतीयांत तीन महाराष्ट्रातले होते.

मग कुठे जायचं? आधी स्वतःला विचारा, कमवायला जायचंय की राहायला. आखातात मुक्काम नोकरीला बांधलेला असतो, नोकरी संपली की परत यायचंच. बायकोमुलांना अमिरातीत बोलवायचं तर महिन्याला ४,००० दिरहॅम पगार हवा, किंवा राहायची जागा मालकाची असेल तर ३,०००. गोदामातल्या मदतनीसाला तो मिळत नाही, तेव्हा "वर्षभरात तुम्हाला बोलावून घेतो" असं बायकोला खोटं सांगून जाऊ नका. चार-पाच वर्षं राबून कर्ज फेडायचं, घर बांधायचं, मग परत यायचं, असं ठरवून जाणाऱ्याला आखात चांगलं आहे. शिक्षण कमी असलं तरी तिथे जागा मिळते, हा त्याचा गुण.

राहायला, संसार मांडायला जायचं असेल तर भाषा शिकावी लागते, आणि हे एजंट कधीच सांगत नाही. जर्मनीत सध्या माणसांची टंचाई आहे. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, १०,००० कुशल माणसं पाठवायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांचे व्हिसे वर्षाला २०,००० वरून ९०,००० पर्यंत न्यायचं जाहीर केलं. आयटीआय झालेल्या इलेक्ट्रिशियनला, परिचारिकेला, ड्रायव्हरला तिथे दार उघडं आहे. पण त्या दाराला जर्मन भाषेचं कुलूप आहे. बी-वन पातळी गाठायला मन लावून वर्षभर जातं. काम शोधायला वर्षभर राहू देणारा चान्सनकार्टे नावाचा व्हिसा जून २०२४ पासून आहे, पण त्यासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे बँकेत अडकवून ठेवावे लागतात, महिन्याला हजार युरोच्या वर. भिवंडीतल्या किती घरांकडे ते पैसे पडून आहेत? म्हणून भिवंडीच्या मुलाने नोकरीचा करार किंवा आउसबिल्डुंगची जागा, म्हणजे पगार घेत धंदा शिकायची जागा, मिळवूनच जावं असं मला वाटतं. जपानशी भारताचा जानेवारी २०२१ मध्ये स्पेसिफाइड स्किल्ड वर्करचा करार झाला. वृद्धांची सेवा, बांधकाम, शेती, कारखाने अशा कामांसाठी जपानी भाषेची प्राथमिक परीक्षा आणि कामाची परीक्षा द्यायची. पहिल्या प्रकारच्या व्हिसावर पाच वर्षंच राहता येतं आणि कुटुंब नेता येत नाही, दुसऱ्या प्रकारावर नेता येतं.

ब्रिटनच्या केअर वर्कर व्हिसाच्या नावाने अजूनही कोणी पैसे मागत असेल, तर तिथेच थांबा. २२ जुलै २०२५ पासून ब्रिटनने बाहेरून नवे केअर वर्कर घेणं बंद केलं आहे, आणि बाकीच्या बहुतेक स्किल्ड वर्करला वर्षाला निदान ४१,७०० पाउंड पगार लागतो. कोणी "स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट देतो, पंधरा लाख" म्हणत असेल, तर ते सर्टिफिकेट मालकाने द्यायचं असतं, विकायचं नसतं. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसाबद्दल जास्त लिहीत नाही; सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून नव्याने बोलवायच्या माणसासाठी मालकावर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, त्यातून मधला दलाल वाट काढून देतो म्हणाला तर तो खोटं बोलतोय.

बायकांविषयी वेगळं सांगतो. ईसीआर पासपोर्टवर घरकामाला त्या १८ देशांत जायचं तर वय ३० पूर्ण हवं, आणि भरती सरकारी संस्थांतूनच व्हावी लागते. नीट बघा, तुमच्या दारात आलेली बाई किंवा माणूस तसल्या कुठल्याही संस्थेचा नसतो. तो तुमच्या मुलीला व्हिजिटवर ओमानला पाठवतो. पंजाबमधल्या अशा कित्येक जणी २०२३ मध्ये परत आणाव्या लागल्या. पासपोर्ट काढून घेतलेले, पगार नाही, घराबाहेर पाऊल टाकायची मुभा नाही. ताई, पोरीच्या लग्नाला पैसे हवेत म्हणून जायचं ठरवत असाल, तर आधी परवान्याचा कागद मागा. मिळाला नाही तर नाही म्हणा आणि दार लावून घ्या.

ज्यांचा माणूस आत्ता तिकडे अडकलाय, त्यांनी एजंटच्या घरी हेलपाटे घालण्यात दिवस घालवू नका. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर १८००-११-३०९० आहे. मदद नावाच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा, नंबर जपून ठेवा. माणसाला सांगा, जमेल तसं भारतीय दूतावास गाठ. दूतावासाकडे २००९ पासून भारतीय समाज कल्याण निधी आहे, त्यातून गरजूला परतीचं तिकीट, वकील, तात्पुरता निवारा देता येतो. पासपोर्ट मालकाने काढून घेतला असला तरी घाबरू नका. दुसऱ्याचा पासपोर्ट अडवून ठेवायला सौदी आणि अमिरातीतही बंदी आहे, आणि दूतावास परतीसाठी तात्पुरता दाखला देतो.

आणि इथे पैसे देऊन बसलात, माणूस अजून गेलेला नाही, एजंट फोन उचलत नाही, तर रोख दिलेले असले तरी पुरावा गोळा करायला लागा. व्हॉट्सअॅपचे मेसेज आणि आवाज पुसू नका, कोणत्या तारखेला किती दिले ते वहीत उतरवा, साक्षीदार लिहून ठेवा. भिवंडीत जवळच्या पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. मग पासपोर्टची झेरॉक्स, व्हिसाचा किंवा ऑफरचा कागद, पैसे दिल्याचा जो असेल तो पुरावा आणि त्या तक्रारीची प्रत घेऊन विदेश भवनात प्रोटेक्टरच्या कार्यालयात जा. एकाच एजंटने फसवलेले पाच जण असाल तर पाचही जण एकत्र जा.